लिनक्समधील ग्राफिक्स ड्रायव्हर दुसऱ्या कर्नलमध्ये आणताना आणि सांभाळताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. माटुंग्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच खुली, पण वेगळ्या कर्नलची ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. त्यातील एएमडीची नवी ग्राफिक्स चिप लिनक्सवर उत्तम चालते, फ्रीबीएसडीवर मात्र बूट होताना मिळालेल्या साध्या फ्रेमबफरच्या (पडद्यावरचे चित्र ठेवणाऱ्या मेमरीच्या) पलीकडे काही हाती लागत नाही. ड्रायव्हरचा स्रोत खुला आहे, परवाना उदार आहे. मग तो उचलून इकडे आणण्यात अडचण कसली, आणि हे काम शिकायचे असेल तर सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

उचलून आणण्यात फार मोठी अडचण नाही. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मुरलेला माणूस थोड्या काळात पडदा उजळवून दाखवू शकतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण ज्या ड्रायव्हरची प्रत आपण आणली तो आपल्या मूळ घरी थांबलेला नसतो. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत ग्राफिक्सच्या विभागात हजारो बदल असतात. रेल्वे निदान रविवारी मेगाब्लॉक घेऊन रुळांचे काम उरकते. इथे तसा ब्लॉक कधीच मिळत नाही. म्हणून या कामातला प्रत्येक निर्णय, अगदी एका ओळीचा बदलसुद्धा, पुढच्या वेळी नवी आवृत्ती आणताना तो किती महाग पडेल या एकाच कसोटीवर तोलावा लागतो. माझे पुढचे सारे म्हणणे याच कसोटीतून आलेले आहे.

आधी ड्रायव्हर म्हणजे नेमके काय आणायचे ते पाहू. ओपनजीएल किंवा व्हल्कन या चित्र काढण्याच्या इंटरफेसांचे काम करणारा, शेडर (चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल करणारा मोठा भाग मेसा या युजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या, प्रकल्पात राहतो आणि तो बीएसडी घराण्यात (फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी) बऱ्यापैकी सहज चालतो. कर्नलमध्ये राहतो तो डीआरएम (डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर) नावाचा विभाग: पडद्याचे रिझोल्यूशन आणि जोडण्या ठरवणे, ग्राफिक्सच्या मेमरीचे वाटप, चिपकडे कामाच्या आज्ञा पाठवणे, त्या पूर्ण झाल्या का हे पाहणे आणि वीज-तापमान सांभाळणे. एएमडीच्या ड्रायव्हरचा आकार पाहून नवखे लोक घाबरतात. २०२० च्या सुमारास लिनक्स कर्नलच्या एकूण ओळींपैकी जवळपास दहावा हिस्सा या एकट्या ड्रायव्हरचा होता. पण त्यातील बहुतांश ओळी म्हणजे चिपच्या रजिस्टरांची यंत्राने तयार केलेली हेडर (व्याख्यांच्या फाइली) आहेत. हा ड्रायव्हर पूर्ण वाचणे कोणालाच शक्य नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही. आपल्याला पाहायचे असते ते हे की तो आपल्या खालच्या कर्नलकडे काय काय मागतो: पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे), कुलुपे (एका वेळी एकालाच आत सोडणारी), टायमर, वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग), पीसीआय, आय-टू-सी, एसीपीआय, फर्मवेअर फाइली. या मागण्यांच्या सीमेवरच पोर्टिंगचे, म्हणजे कोड एका कर्नलमधून दुसऱ्यात आणण्याचे, सगळे काम चालते.

ही सीमा पूर्वी इतकी रुंद नव्हती. एके काळी डीआरएमचा विकास लिनक्स कर्नलच्या बाहेर, एका सामायिक रिपॉझिटरीत होत असे. तीत लिनक्ससाठी एक फोल्डर, बीएसडीसाठी एक आणि दोघांना समान असणाऱ्या कोडचे एक, अशी विभागणी होती. तेव्हाचा कर्नलमधला भाग लहान होता आणि पडदा जुळवण्याचे काम एक्स सर्व्हर (खिडक्या दाखवणारा युजरस्पेसमधला प्रोग्राम) स्वतःच करत असे. २००८ च्या डिसेंबरात लिनक्स २.६.२८ मध्ये जीईएम हे मेमरी-व्यवस्थापन आले, २००९ च्या मार्चमध्ये २.६.२९ मध्ये इंटेलसाठी कर्नल मोड-सेटिंग (पडदा जुळवण्याचे काम कर्नलनेच करणे) आले, आणि ड्रायव्हरची मुळे थेट लिनक्सच्या व्हर्च्युअल मेमरीत उतरली. त्यानंतर समान कोडाचे फोल्डर ठेवण्यात अर्थ उरला नाही. विकास लिनक्सच्या घरात गेला आणि बाकीच्यांच्या वाट्याला पोर्टिंग आले. भर म्हणजे, लिनक्स आपले कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवण्याचे कोणतेही वचन देत नाही. हे धोरण जाणीवपूर्वक घेतलेले आणि लेखी आहे. त्याबद्दल कुरकुर करण्यात वेळ घालवू नये. दुसऱ्या कर्नलसाठीची इफडेफ (एखादा कोड ठरावीक कर्नलसाठीच कंपाइल करायला सांगणाऱ्या ओळी) लिनक्सवाल्यांनी आपल्या ड्रायव्हरमध्ये घ्यावी अशी अपेक्षाही ठेवू नये.

फ्रीबीएसडीने या परिस्थितीला दिलेले पहिले उत्तर सरळ आणि कष्टाचे होते. कॉन्स्टँटिन बेलोउसोव्ह यांनी फ्रीबीएसडी फाउंडेशनच्या पाठबळावर इंटेलचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या इंटरफेसवर हाताने उतरवला आणि तो ९.१ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ च्या अखेरीस, लोकांपर्यंत पोहोचला. रेडिऑनचे कामही त्याच पद्धतीने होऊन १०.० मध्ये आले. कोड देखणा होता. लिनक्सचे प्रत्येक कुलूप, प्रत्येक यादी, प्रत्येक टायमर फ्रीबीएसडीच्या रीतीने लिहिलेला होता, आणि नेमके तेच पुढे गळ्याशी आले. लिनक्समध्ये झालेला बदल पॅच (फक्त बदललेल्या ओळींची फाइल) म्हणून लावता येईना, कारण मूळ ओळच इकडे शिल्लक नव्हती. प्रत्येक बदल वाचून, समजून, पुन्हा लिहावा लागे. परिणामी ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्रीबीएसडी ११.० प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातील इंटेल ड्रायव्हर साधारण लिनक्स ३.८ च्या पातळीवर होता, आणि लिनक्स ३.८ ही फेब्रुवारी २०१३ ची आवृत्ती. त्या साडेतीन वर्षांत इंटेलच्या नव्या पिढ्या बाजारात आल्या आणि नवा लॅपटॉप घेणारा माणूस फ्रीबीएसडीपासून दूर गेला.

दुसरे उत्तर वेगळ्याच विभागातून आले. इन्फिनीबँड या वेगवान नेटवर्कचे लिनक्समधील ड्रायव्हर आणण्यासाठी फ्रीबीएसडीमध्ये लिनक्सच्या इंटरफेसची नक्कल करणारा एक थर आधीच लिहिला गेला होता. तो पुढे लिनक्सकेपीआय म्हणून ओळखला जाऊ लागला. कल्पना अशी की ड्रायव्हरची फाइल जशीच्या तशी ठेवायची, आणि ती लिनक्सचे जे जे फंक्शन मागते ते त्याच नावाने फ्रीबीएसडीच्या साधनांवर उभे करून द्यायचे: वर्कक्यू मागितली तर खाली टास्कक्यू, आरसीयू (वाचणाऱ्यांना न अडवता बदल करण्याची पद्धत) मागितले तर खाली कन्करन्सी किट या लायब्ररीचे इपॉक, मेमरी कमी पडल्यावर बोलावले जाणारे श्रिंकर मागितले तर खाली फ्रीबीएसडीची लो-मेमरीची सूचना. २०१६ पासून ग्राफिक्स ड्रायव्हर या मार्गाने येऊ लागले आणि आज डीआरएम-केमॉड या नावाने ते मुख्य कर्नलच्या बाहेर, पोर्ट (स्रोतातून बांधता येणारे वेगळे पॅकेज) म्हणून सांभाळले जातात. नावातला आकडा लिनक्सची आवृत्ती सांगतो: ५१०, ५१५, ६१, ६६. या साऱ्या लिनक्सच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या आहेत, आणि ही निवड शहाणपणाची आहे, कारण तिथे दोष-दुरुस्त्या आपल्यासाठी कोणीतरी आधीच निवडून ठेवलेल्या असतात.

ओपनबीएसडीने ड्रायव्हर मुख्य स्रोतातच ठेवले, अनुकूलनाचा थर शक्य तितका पातळ ठेवला आणि लिनक्सच्या दीर्घकालीन मालिकेचा नेटाने पाठपुरावा केला. एप्रिल २०२५ च्या ७.७ मध्ये त्यांचा डीआरएम लिनक्स ६.१२ मालिकेवर होता, म्हणजे मूळ आवृत्तीच्या जेमतेम पाच महिने मागे. नेटबीएसडीने अनेक वर्षांतून एकदा मोठी झेप घेण्याचा मार्ग पत्करला आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या १०.० मध्ये लिनक्स ५.६ च्या पातळीचा, म्हणजे चार वर्षे जुना डीआरएम दिला. मनुष्यबळ कमी असताना मोठी झेप किफायतशीर वाटते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. दोन दीर्घकालीन आवृत्त्यांमधील अंतर एकाच उडीत ओलांडल्यास, काही बिघडले तर ते हजारो बदलांपैकी कोणत्या बदलामुळे बिघडले हे सांगता येत नाही. तेच अंतर कमिटांच्या (नोंदवलेल्या एकेका बदलाच्या) छोट्या गटांनी, प्रत्येक टप्प्यावर बांधून आणि चालवून पार केले तर गिट बायसेक्ट हे, बिघाड आणणारा बदल निम्मे-निम्मे करत शोधणारे, हत्यार हातात राहते. डीआरएम-केमॉडमध्ये काम याच रीतीने, मूळ कमिट क्रमाने लावत केले जाते, आणि दिसायला ते कंटाळवाणे असले तरी एकूण वेळ त्यानेच वाचतो.

कोडला हात न लावण्याचा नियम मी शिकवताना इतक्या वेळा सांगतो की ऐकणारे कंटाळतात, तरीही तो पुन्हा सांगतो. ड्रायव्हरच्या फाइलीत बदल करावासा वाटला की आधी तो थरात करता येतो का पहावा. थरात जमत नसेल तर बदल इफडेफच्या आत, मूळ ओळ न पुसता ठेवावा. आणि तो बदल लिनक्ससाठीही दोषदुरुस्ती असेल तर तिकडे पाठवून द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी तो आपोआप परत येतो. मोकळ्या जागा नीट करणे, चलांची नावे बदलणे, इशारे बंद करण्यासाठी ओळी हलवणे यांपैकी काहीही करू नये. हा संयम हुशार विद्यार्थ्यांना फार जड जातो, असा माझा अनुभव आहे.

आता खरा अवघड भाग. थर लिहिताना फंक्शनचे नाव आणि प्रकार जुळले की कंपायलर गप्प बसतो, आणि इथेच फसगत होते, कारण ड्रायव्हर नावावर अवलंबून नसतो, वागणुकीवर असतो. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात या कामाचा सगळा स्वभाव दिसतो. एएमडीचा ड्रायव्हर टीटीएम हे मेमरी-व्यवस्थापन वापरतो. टीटीएमला पाने हवी असतात तेव्हा तो आधी मोठ्या, सलग तुकड्यांची मागणी करतो, आणि मागताना एक सूचना जोडतो: सहज मिळत असेल तर दे, नाहीतर फार खटपट न करता नाही म्हण, मी लहान तुकड्यांवर भागवीन. लिनक्सकेपीआयमध्ये ही सूचना पूर्वी ओळखलीच जात नव्हती. मशीन नुकतेच सुरू झालेले असताना मेमरी मोकळी असते, मोठे तुकडे लगेच मिळतात, सगळे उत्तम चालते. मशीन बराच काळ चालून मेमरीचे तुकडे पडले की तीच मागणी कर्नलला सलग जागा मोकळी करण्याच्या मोठ्या खटाटोपात ढकलते, आणि वापरणाऱ्याला एवढेच दिसते की डेस्कटॉप मधूनच गोठतो. दोष ग्राफिक्समध्ये नाही, ड्रायव्हरमध्ये नाही, फ्रीबीएसडीच्या मेमरी-व्यवस्थेतही नाही. दोष एका दुर्लक्षित ध्वजात, म्हणजे मागणीला जोडलेल्या त्या सूचनेत, आहे. दुरुस्ती त्या ध्वजाचा मान राखण्याची, काही ओळींची. ती शोधायला मात्र टीटीएमचे मन आणि कर्नलच्या पान-वाटपाचे मन अशी दोन्ही एकाच माणसाला ठाऊक असावी लागतात.

मेमरीचीच दुसरी बाजू मॅपिंगची. युजरस्पेसने एखादा बफर आपल्या पत्त्यांत मॅप केला की लिनक्सचा ड्रायव्हर पान-फॉल्ट (त्या पत्त्यावर अजून पान नसल्याची सूचना) आल्यावर त्या जागी प्रत्यक्ष पानाचा क्रमांक भरतो. फ्रीबीएसडीत हेच काम उपकरणाच्या पेजरकडून करून घ्यावे लागते. भरणे सोपे आहे. पण ड्रायव्हर तो बफर व्हिडिओ मेमरीतून मुख्य मेमरीत हलवतो तेव्हा सगळ्या प्रक्रियांमधील जुनी मॅपिंगे काढून टाकली गेली पाहिजेत, आणि त्यातले एक जरी राहिले तर कोणीतरी दुसऱ्याच्याच पानावर लिहीत राहतो. असा दोष चित्रातल्या किरकोळ ठिपक्यांपासून फाइल-सिस्टिमच्या नासाडीपर्यंत कोणत्याही रूपात समोर येऊ शकतो. त्यात कॅशची भर पडते. फ्रेमबफरसारख्या मेमरीवर राइट-कम्बाइनिंगचा (अनेक लेखने एकत्र करून पाठवण्याचा) गुणधर्म लावायचा असतो, आणि तेच पान कर्नलच्या थेट मॅपमध्ये साध्या कॅशच्या गुणधर्माने दिसत असेल तर दोन वेगळ्या गुणधर्मांचे आरसे एकाच पानावर लागतात, जे एक्स८६ प्रोसेसरला मान्य नाही. इंटेलच्या मुख्य मालिकेत प्रोसेसर आणि ग्राफिक्स शेवटची कॅश वाटून घेतात, अॅटम मालिकेत घेत नाहीत. म्हणून एकावर बिनबोभाट चालणारा थर दुसऱ्यावर चित्रात रेघोट्या काढतो. फक्त एकाच प्रकारच्या मशीनवर तपासून काम झाले असे म्हणू नये, ते यासाठी.

कुलुपांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. लिनक्सचे स्पिनलॉक (मोकळे होईपर्यंत जागीच फिरत वाट पाहायला लावणारे कुलूप) घेतले की मधे कोणी घुसत नाही असे ड्रायव्हर गृहीत धरतो. लिनक्सकेपीआयमध्ये त्याच नावाखाली फ्रीबीएसडीचा साधा म्युटेक्स (दुसऱ्या प्रकारचे कुलूप) आहे, जो धरलेला असताना धागा (थ्रेड) बाजूला सारला जाऊ शकतो. फ्रीबीएसडीत इंटरप्टचे कामही धाग्यातच चालत असल्यामुळे हे बहुतेक ठिकाणी निभते. जिथे काही मायक्रोसेकंदांची अचूकता लागते, किंवा कर्नल पॅनिक होऊन (असाध्य चुकीमुळे कोसळून) सगळे शेड्यूलिंग थांबलेले असते, तिथे निभत नाही. म्हणूनच त्या थरात पॅनिक झाल्यावर किंवा डीबगर चालू असताना कुलूप घेणे टाळण्याची सोय करावी लागली आहे.

आणि सर्वांत वर डीएमए-फेन्स. चिपला दिलेले काम संपले की फेन्स खूण करतो, आणि त्याची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना पुढे जाता येते. करार असा की प्रत्येक फेन्स मर्यादित वेळात खूण करणारच. त्यामुळे खूण होण्याच्या वाटेवर असलेल्या कोडने वाट पाहायला लावणारी मेमरी मागायची नाही, कारण मेमरी कमी असेल तर श्रिंकर चालू होईल, श्रिंकर एखाद्या फेन्सची वाट पाहील, आणि तो फेन्स कदाचित हाच असेल. हा नियम मोडला जातो का हे तपासण्यासाठी लिनक्समध्ये लॉकडेप या कुलुपांच्या चुका पकडणाऱ्या तपासनीसाला मदत करणारी टिपणे कोडमध्येच घातली आहेत. दुसऱ्या कर्नलमध्ये ती बहुधा रिकामी होऊन येतात, कारण खाली लॉकडेप नसतो. फ्रीबीएसडीचा विटनेस कुलुपांचा क्रम तपासतो, फेन्सची त्याला कल्पना नाही. म्हणजे तपासनीस घरीच राहिला आणि नियम तेवढा सोबत आला. या प्रकारचा डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे) मेमरीवर ताण असतानाच दिसतो, म्हणून मशीनची मेमरी मुद्दाम कमी करून चाचणी घेणे ही माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी आहे.

वेळेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. लिनक्सची जिफी आणि बीएसडीचा टिक, म्हणजे कर्नलच्या घड्याळाचे ठोके, एकच समजले जातात, पण ओपनबीएसडीत सेकंदाला १०० टिक असतात, फ्रीबीएसडीत सामान्यतः १०००. एका जिफीची वाट पाहणारा कोड एकीकडे १० मिलिसेकंद थांबतो तर दुसरीकडे एकच. शिवाय ६४-बिट लिनक्सवर जिफी ६४ बिटांची असते, फ्रीबीएसडीचा टिक-मोजक बराच काळ ३२ बिटांचा, चिन्हासह होता. सेकंदाला १००० टिक धरले तर दर सुमारे २५ दिवसांनी त्याचे चिन्ह उलटते. पंचवीस दिवस मशीन बंद न करणाऱ्या माणसालाच दिसणारा दोष किती चिवट असेल याची कल्पना करावी.

थरात एखादे फंक्शन अजून लिहायचे असेल आणि तात्पुरते काहीतरी द्यायचे असेल, तर गुपचूप शून्य परत करणारे रिकामे फंक्शन कधीही लिहू नये. पहिल्यांदा बोलावले गेल्यावर त्याने कर्नलच्या लॉगमध्ये आपले नाव छापले पाहिजे. वर्षभराने कोणीतरी झोपेतून न उठणाऱ्या लॅपटॉपची तक्रार घेऊन येतो तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळते.

आता तुमच्या लॅपटॉपकडे. पहिली पायरी कोड लिहिण्याची नाही. तुमच्या चिपला आधार लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीत आला ते शोधा आणि तुमच्याकडील डीआरएम-केमॉड त्याच्या आधीचा आहे की नंतरचा ते पहा. एएमडीच्या नव्या चिप आपल्यात कोणते घटक कोणत्या आवृत्तीचे आहेत याचा तक्ता स्वतःच देतात. ड्रायव्हर तो वाचतो आणि ओळख नसलेला घटक दिसला की लॉगमध्ये तसे सांगून माघार घेतो. नंतर फर्मवेअर. चिपच्या आतील सूक्ष्म-नियंत्रकांसाठी एएमडी ज्या बायनरी फाइली देते त्या लिनक्सच्या फर्मवेअर-संग्रहातून येतात, फ्रीबीएसडीत त्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, आणि त्या नसतील तर उत्तम ड्रायव्हरही काही करू शकत नाही. मॉड्यूल बूट-लोडरमधून न चढवता आरसी-कॉन्फ या सेटिंग-फाइलीतील केएलडी-यादीतून चढवा, म्हणजे तोपर्यंत फाइल-सिस्टिम उपलब्ध झालेली असते. तिसरी शक्यता अगदी साधी आहे: मॉड्यूल एका उपआवृत्तीच्या कर्नलवर बांधलेले असते आणि तुम्ही दुसरी चालवत असता. पॅकेजे मालिकेतील जुन्या समर्थित उपआवृत्तीवर बांधली जातात, त्यामुळे नव्या उपआवृत्तीवर गेलेल्यांना हा अनुभव अनेकदा आला आहे. कर्नल-मॉड्यूलांसाठी अलीकडे वेगळा पॅकेज-साठा सुरू झाला तो यासाठीच. शंका असेल तर पोर्ट स्वतःच्या मशीनवर बांधून घ्या.

या तिन्हींनंतर चिप खरोखरच आपल्या ड्रायव्हरपेक्षा नवी निघाली, तर फक्त तेवढ्या चिपचा आधार जुन्या आवृत्तीत मागे आणण्याचा मोह होईल. तो आवरावा. एका चिपबरोबर डिस्प्लेचा नवा विभाग, वीज-व्यवस्थापनाच्या फर्मवेअरशी बोलण्याची नवी हेडर आणि त्यांच्या आधीच्या डझनभर पुनर्रचना ओढल्या जातात. शेवटी हाती येते ती लिनक्सच्या कोणत्याच आवृत्तीशी न जुळणारी, एकट्या तुमची अशी प्रत, जिच्यावर कोणाचीही दुरुस्ती लागत नाही. तेवढेच श्रम संपूर्ण ड्रायव्हर पुढच्या दीर्घकालीन आवृत्तीवर नेणाऱ्यांच्या कामात घाला. तिथे माणसे नेहमीच कमी असतात.

परवान्याबद्दल तुमचा समज बराचसा बरोबर आहे, पूर्ण नाही. डीआरएमचा गाभा आणि बहुतेक ड्रायव्हर एमआयटी परवान्याखाली आहेत, म्हणूनच बीएसडी प्रकल्पांना ते घेता येतात. पण त्यांच्या आजूबाजूची कर्नलची साधने जीपीएलची (तीतून उतरवलेला कोडही त्याच परवान्याखाली द्यायला लावणाऱ्या परवान्याची) आहेत. ती वाचून उतरवायची नसतात, त्यांचे वर्तन समजून घेऊन स्वतंत्रपणे लिहायची असतात, आणि जे उतरवण्यावाचून गत्यंतर नाही ते मुख्य कर्नलच्या बाहेर, वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवले जाते. प्रत्येक आयात केलेल्या फाइलीच्या पहिल्या ओळीतील परवाना वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पुढे एक नवे वळण येते आहे आणि त्याचा विचार आत्ताच करायला हवा. एन्व्हिडियाने मे २०२२ मध्ये आपली कर्नल मॉड्यूल खुली केली. ट्युरिंग पिढीपासूनचे बरेचसे काम त्यांच्या चिपवरील जीएसपी या छोट्या प्रोसेसरच्या फर्मवेअरकडे गेले आहे. त्याच फर्मवेअरवर उभा राहणारा नोव्हा हा नवा ड्रायव्हर लिनक्समध्ये रस्ट भाषेत लिहिला जात असून त्याचा पाया २०२५ मध्ये लिनक्स ६.१५ मध्ये आला. लिनक्सकेपीआय सी भाषेतील हेडरांची नक्कल करतो. रस्टचा ड्रायव्हर आणायचा तर कर्नल बांधताना रस्टची साधने लागतील, आणि लिनक्सच्या सी-रचनांवर बेतलेली रस्टची वेष्टनेही लागतील, जी स्वतःच अजून स्थिरावलेली नाहीत. यावर कोणत्याही बीएसडीकडे तयार उत्तर आहे असे मला दिसत नाही. तरुण माणसाने हात घालावा असा हा प्रश्न आहे, पण आधी सीमधील थर नीट समजल्याशिवाय नव्हे.

शिकण्यासाठी रोजच्या वापराचा लॅपटॉप वापरू नका. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर फेरी मारा आणि कार्यालयांतून निघालेला एखादा जुना डेस्कटॉप घ्या. घेताना त्याला सीरियल पोर्ट आहे का, निदान मदरबोर्डवर त्याच्या पिना आहेत का, हे आधी पहा. ग्राफिक्स ड्रायव्हरवर काम करताना पडदा हीच पहिली जाणारी वस्तू असते, आणि पॅनिकचा संदेश दुसऱ्या मशीनवर सीरियल तारेतून वाचता आला नाही तर तुम्ही अंधारात चाचपडत राहाल. सोबत पोलारिस पिढीचे वापरलेले रेडिऑन कार्ड घ्या: ते मूळ ड्रायव्हरमध्ये २०१६ पासून आहे, त्याच्या सवयी सर्वांना माहीत आहेत. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबल्यावर बाजारात आलेल्या कार्डांपैकी ते नसावे याची खात्री विकणाऱ्याकडून करून घ्या; वर्षानुवर्षे तापलेले कार्ड हँग झाले तर दोष सोल्डरचा की तुमच्या कोडचा, हे कळायला मार्ग नसतो. (दुकानदार छातीठोकपणे नाहीच म्हणेल, पंख्याची खरखर तुम्ही स्वतः ऐका.)

त्या मशीनवर फ्रीबीएसडीची विकासशाखा बसवा, कर्नल विटनेस आणि इन्व्हेरियंट्स (कर्नलच्या आतल्या जादा तपासण्या) यांसह बांधा, आणि डीआरएम-केमॉड स्रोतातून बांधून चढवा. मग आयजीटी हा डीआरएमचा चाचणी-संच चालवा. फिरती चाके दाखवणारा डेमो चालला म्हणजे ड्रायव्हर चालला असे नसते. ज्या चाचण्या त्याच कार्डावर लिनक्समध्ये उत्तीर्ण होतात आणि इकडे नापास होतात त्यांची यादी हीच तुमची कामाची यादी. त्यातली सर्वांत लहान निवडा, नापास होण्याचे कारण थरातील कोणत्या फंक्शनपर्यंत जाते ते शोधा, लिनक्समध्ये त्या फंक्शनचे वर्णन आणि त्याचे वापरणारे कोण ते वाचा, आणि फक्त त्या फंक्शनची दुरुस्ती, त्याची चाचणी व वापरलेल्या लिनक्स आवृत्तीचा उल्लेख यांसह पाठवा. पॅच एका विषयाचा ठेवा. त्यावर येणारी टीका तपशिलाची आणि कधीकधी रुक्ष असेल. तिला उत्तर देताना पॅचची नवी आवृत्ती पाठवावी, खुलासा नाही. आणि पाठवण्याआधी मशीनची मेमरी कमी करून, रात्रभर चालवून पाहा.